दीपगृहाच्या छायाचित्रातून प्राणी वगळण्याची शास्त्रोक्त पद्धती

दीपगृह, म्हणजे रात्री जहाजांना किनाऱ्याची व खडकांची खूण पटावी म्हणून उंचावर दिवा लावलेला मनोरा, हे हौशी छायाचित्रकारासाठी आदर्श पात्र मानले जाते. कारण ते हलत नाही, ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि फोटो पाहून ‘यात जाड दिसतेय’ अशी तक्रारही करीत नाही. असे असूनही दापोली तालुक्यातील हर्णै येथे कनकदुर्गावर उभ्या असलेल्या दीपगृहाचे निर्भेळ, म्हणजे पंख, शेपटी अथवा नांगी यांचा संसर्ग न झालेले, छायाचित्र मोबाइलवर मिळवणे हे भल्याभल्यांना साधत नाही, म्हणून या विषयाची पद्धतशीर मांडणी करणे अगत्याचे ठरते.

पहिला विचार वेळेचा. सायंकाळचा तिरपा, सोनेरी प्रकाश सर्वोत्तम, हे छायाचित्रणाचे सर्वमान्य तत्त्व असले, तरी हर्णै बंदरात मासळीचा लिलावही सायंकाळीच भरतो, आणि होड्यांतून पापलेट, सुरमई व कोळंबी वाळूवर उतरू लागताच तांबूस अंगाच्या व पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी, हिवाळ्यात पाहुणे म्हणून येणारे कुरव पक्षी आणि बारमाही कावळे असा समस्त खेचरवर्ग एकवटतो. चौकटीत मनोरा नीट बसवून बटण दाबावे आणि त्याच क्षणी घारीने बरोबर दिव्याच्या जागी पंख पसरावेत, हा प्रकार इतका नियमित आहे की त्याला योगायोग म्हणणे घारीवर अन्याय करणारे होईल. गुरे, शेळ्या व कुत्रे हे वन्यजीवांत मोडत नसल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही. ते चौकटीत येतातच.

लिलाव संपेपर्यंत थांबावे, असा उपाय सुचवला जातो. परंतु तोवर अंधार पडतो आणि दुसरीच अडचण उभी राहते. प्रत्येक दीपगृहाच्या दिव्याला लुकलुकण्याचा स्वतःचा ठरावीक क्रम असतो, जेणेकरून खलाशाने चमका व त्यांमधील अंतर मोजून आपण कोणत्या दीपगृहासमोर आहोत हे ओळखावे. छायाचित्रकार मात्र नेमका दोन चमकांच्या मधला काळोख टिपतो. यावर मोबाइल गडग्यावर टेकवून ‘नाइट मोड’ वापरावा, म्हणजे काही सेकंदांचा प्रकाश एकाच चित्रात साठतो. मात्र तेवढ्या अवधीत गडग्याच्या फटीतला खेकडा बाहेर येऊन भिंगासमोर उभा राहिल्यास त्याच्याशी वाद घालू नये, कारण जागा त्याची आहे.

समुद्राच्या बाजूने, डॉल्फिन दाखवणाऱ्या होडीतून, दीपगृह टिपावे असे मानणारा एक पंथ आहे. या पंथातील लोक ‘डिजिटल झूम’वर भिस्त ठेवतात, वास्तविक त्यात दूरची वस्तू जवळ येत नाही, तर चित्राचाच एक तुकडा कापून ताणला जातो, आणि म्हणून डॉल्फिनच्या पाठीचे छायाचित्र पुढे नातेवाइकांना दाखवताना ‘हे काळं आहे ना, तेच’ असे बोट ठेवून सांगावे लागते. डॉल्फिन श्वास घेण्यापुरता वर येतो व लगेच बुडतो, बोट बटणावर पोहोचेपर्यंत फक्त पाणी उरते. याउलट हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग किल्ला आणि दीपगृह यांवर निष्ठेने रोख ठेवणाऱ्याच्या चित्रात कोपऱ्यात डॉल्फिन आपसूक, तोही सुस्पष्ट, उमटलेला सापडतो. यावरून, ज्याला प्राणी हवा त्याने दीपगृहाचा नेम धरावा, असा नियम काढण्यास हरकत नाही.

चौकटीत शिरणाऱ्या प्राण्यांच्या या भेटींना ‘अनपेक्षित’ म्हणण्याची प्रथाही तपासून घेतली पाहिजे. ढगाळ व धुक्याच्या रात्री स्थलांतर करणारे पक्षी दीपगृहाच्या झोताकडे ओढले जातात, त्याभोवती घिरट्या घालतात आणि कधी काचेवर आदळून मरतात; म्हणूनच १८८०च्या दशकात ब्रिटनमधील पक्षी-अभ्यासकांनी दीपगृहांच्या रखवालदारांकडून अशा पक्ष्यांच्या नोंदी मागवल्या होत्या. त्या रखवालदारांजवळ कॅमेरा नव्हता. त्यामुळे त्यांच्या नोंदींत पक्षी होते, पक्ष्यापुढे हसणारा रखवालदार नव्हता.

एका बाबतीत मात्र थट्टा बाजूला ठेवावी लागते. हर्णैपासून जवळच असलेल्या आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री अंडी घालण्यास येतात. एका घरट्यात साधारण शंभरच्या घरात अंडी असतात व सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पिल्लू ज्या दिशेचे क्षितिज अधिक उजळ दिसेल तिकडे चालू लागते, आणि निसर्गतः ती दिशा समुद्राची असते. मोबाइलचा फ्लॅश अथवा विजेरी जमिनीच्या बाजूने चमकली, तर पिल्लू उलटे फिरते. तेव्हा तिथे जाणाऱ्यांनी वनखात्याचे व गावातील कासवमित्रांचे ऐकावे, दोरीच्या अलीकडे उभे राहावे आणि फ्लॅश बंद असल्याची खात्री वाळूवर उतरण्यापूर्वीच करून घ्यावी.