सरड्याची धाव गॅलिफ स्ट्रीटपर्यंत

बदली होऊन कोलकात्यात आलेला, बंगाली अर्धीमुर्धी कळणारा आणि पाड्यातल्या अड्ड्यावर बसायचा कंटाळा असलेला मराठी माणूस कधी ना कधी काहीतरी पाळायचं ठरवतो. बहुतेक जण मासे पाळून मोकळे होतात. प्रस्तुत मार्गदर्शन उरलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांनी शॅमेलिऑन पाळायचं नक्की केलं आहे त्यांच्यासाठी आहे. कुत्रा का नाही, निदान पोपट तरी का नाही, हे आम्ही विचारणार नाही. ते तुमची आई फोनवर विचारेलच.

निवड तशी वाईट नाही. हा प्राणी भुंकत नाही, पायात घोटाळत नाही, फिरायला न्या म्हणत नाही. एका डोळ्याने पुढे आणि त्याच वेळी दुसऱ्याने मागे पाहतो. आणि एक पाऊल टाकायच्या आधी चारदा पुढे-मागे डुलतो, नोकरी सोडून धंदा करावा का या विचारात वीस वर्षं काढलेल्या माणसासारखा. अडचण एकच. त्याला एकांत लागतो आणि तुम्ही राहता कोलकात्यात. जाळी, दिवे, झाडं हे सगळे पुढचे तपशील. खरा प्रश्न एवढाच आहे.

त्याचं घर बांधायचं म्हणून लगेच सुताराला बोलावू नये. आधी कायदा. आपल्या देशातला शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. ‘मामाच्या शेतात सापडला’ हे स्पष्टीकरण नसून कबुलीजबाब आहे. राहिले परदेशी. त्यात दोन लोकप्रिय: येमेन आणि सौदी अरेबियाकडचा, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड, आणि मादागास्करचा झगमगीत पँथर. हे दोन्ही वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात आणि भारत 1976 पासून या कराराला बांधलेला आहे. कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, 2024 मध्ये नियम आले, आणि आता असा पाहुणा घरात असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. त्याला पिल्लं झाली, तो दुसऱ्याला दिला, तो वारला, सगळं कळवायचं. स्वतःच्या आधारकार्डावरचा पत्ता अजून सोलापूरचाच असलेल्या माणसाने सरड्याच्या बाबतीत एवढी तत्परता दाखवायची आहे. विक्रेत्याकडे आयातीचे कागद नसतील तर तो कितीही गोड बंगालीत बोलला तरी नमस्कार करून उठावं.

कागदांची जुळवाजुळव चालू असताना एका रविवारी सकाळी गॅलिफ स्ट्रीटला जाऊन यावं. बागबाजारात कालव्याच्या कडेने तिथे हौशी लोकांचा बाजार भरतो: मासे, कबुतरं, कुत्र्याची पिल्लं, पिंजरे, कुंड्या, खतं. देशी पोपट आणि मुनिया विकायला बंदी आहे आणि त्यासाठी वनखात्याच्या धाडी पडत आल्या आहेत. पुन्हा पुन्हा पडतात यातच काय ते समजावं. इथे सरडा शोधायचा नाही. इथून झाडं आणायची. जवळच मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. मराठी वाचकाने तिच्या पाटीखाली दोन मिनिटं उभं राहायला हरकत नाही. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये घुसल्या तेव्हा धास्तावलेल्या कलकत्त्याने शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. तीनेक मैल खणून झाला, मराठे काही इथवर आले नाहीत, काम थांबलं. पुढे 1799 मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. इथे कुंपणच अर्धवट राहिलं आणि धावही पोचली नाही. बंगाली घरांत मात्र लहान मुलांना झोपवायला अजून बोर्गींची, म्हणजे आपलीच, भीती घातली जाते. तेव्हा पिंजरा जिन्यावरून वर चढवण्याआधी शेजारच्या माशिमांना, म्हणजे मावशींना, आपलं आडनाव आणि आपला हेतू दोन्ही सावकाश समजावून सांगावेत.

आता पिंजरा. तो आडवा नको, उभा हवा. पूर्ण वाढलेल्या व्हेल्डसाठी किंवा पँथरसाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच, हे कमीत कमी. बाजूंना जाळी. माशांची काचेची टाकी रिकामी पडली आहे म्हणून तीच वापरण्याचा मोह आवरावा. श्रावणातल्या कोलकात्याची हवा आधीच ओल्या पंचासारखी अंगाला चिकटते, ती बंद काचेत कोंडली की सरड्याची छाती भरते. डासांसाठी खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळीही नको. रातकिडे ती कुरतडतात आणि सरड्याची नखं तिच्यात अडकतात. पिंजरा टेबलावर किंवा उंच स्टँडवर असावा, असा की सरड्याची बसायची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून येणारी कुठलीही गोष्ट त्याला शिकारी पक्षी वाटते. त्याने तुमच्याकडे खाली पाहिलं पाहिजे. घरात तसं पाहणारे आधीच कोणी असतील तर त्यात एकाची भर.

आतली झाडं साधीच: मनी प्लांट, फायकस, जास्वंद. रोपवाटिकेतल्या झाडांवर औषध मारलेलं असतं, म्हणून पानं धुवावीत आणि कुंडीतली माती बदलावी. जास्वंदीची शिफारस दोन कारणांनी. व्हेल्ड तिची फुलं-पानं आवडीने खातो, आणि माशिमांना कालीमातेसाठी तीच लागतात. फुलांवर पहिला हक्क कुणाचा हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावं, नंतर वाद होतात.

दिव्याच्या बाबतीत घरमालक हमखास एक वाक्य बोलतो: ‘साउथ ओपन फ्लॅट आहे, ऊन भरपूर.’ कोलकात्यात दक्षिणेकडे उघडणाऱ्या खिडकीचं भाडं वेगळं द्यावं लागतं आणि ते योग्यही असेल. पण काचेतून ऊन येतं, त्यातले यूव्हीबी किरण येत नाहीत. ते नसतील तर सरड्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम हाडांना लागत नाही, हाडं मऊ होतात, पाय वाकडे होतात, जबडा रबरासारखा दबतो. म्हणून पिंजऱ्यावर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती यूव्हीबीची ट्यूब लावायची. ती दिसायला चालू असली तरी किरण हळूहळू कमी होतात, त्यामुळे कंपनी सांगेल त्या मुदतीत ती बदलायची. शेजारी एक ऊब देणारा दिवा, त्याखालच्या फांदीवर साधारण 30 अंश. बाल्कनीत खरं ऊन देता येतं, पण तिथे सावली हवी आणि समोर तुम्ही हवे. कोलकात्याच्या कावळ्याला जाळी म्हणजे फक्त थोडा उशीर.

दिवसा ऊब आणि रात्री गारवा हे सरड्याचं वेळापत्रक. रात्री त्याला विशीच्या आसपासचं तापमान मानवतं. मे महिन्यात कोलकात्याची रात्र तेवढी खाली उतरायला तयार नसते. तेव्हा घरातला एकमेव एसी कुणाच्या खोलीत, या प्रश्नाचं उत्तर वाचकाच्या लक्षात आलंच असेल. पिंजरा एसीच्या झोतासमोर नको. तुम्ही हॉलमध्ये, पंख्याखाली. कालबैशाखीच्या वादळात वीज गेली तर काळजी नको, त्यातल्या वाऱ्याने दोघांनाही बरं वाटेल. डिसेंबर-जानेवारीत पारा चौदावर येतो आणि अख्खं शहर मंकी टोपी घालतं. निरोगी, वाढलेल्या व्हेल्डला ही थंडी चालते. त्याच्यासाठी माशिमांनी विणलेला स्वेटर आभार मानून कपाटात ठेवावा.

पाणी वाटीत ठेवलं तर तो वाटीशेजारी तहानलेला बसून राहील. हलणारं, चमकणारं पाणीच त्याला पाणी वाटतं. पानावरचे थेंब तो चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारायचा आणि मधल्या वेळी थेंब-थेंब पाणी पडेल अशी सोय करायची. सर्वांत स्वस्त सोय म्हणजे औषधाच्या दुकानातला सलाईनचा सेट, बाटली वर टांगलेली, चाक फिरवून थेंब कमी-जास्त करायचे, खाली भांडं. दुकानातून सलाईन नेताना तुम्हाला कोणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत तीन घरांतून विचारणा होईल, एकातून पातळ माछेर झोल येईल आणि एका काकांकडून होमिओपॅथीच्या गोळ्या. झोल तुम्ही खावा. गोळ्या सरड्याला देऊ नयेत.

जेवण जिवंत लागतं: रातकिडे, झुरळं, अळ्या. स्वयंपाकघरातली झुरळं फुकट आहेत, पण त्यांनी काय काय फवारे पचवलेत हे त्यांनाच ठाऊक, ती नकोत. पाळलेल्या किड्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा, मोहरीचा पाला असं नीट जेवू घालावं, कारण जे त्यांच्या पोटात तेच सरड्याच्या पोटात. कोलकात्यात कुणाला उपाशी पाठवत नाहीत. ती रीत इथेही पाळली जाते. मग कॅल्शियमची पांढरी पावडर लावून त्यांना आत सोडायचं. पावडर लावून बाहेर पडण्याचीही इथल्या उन्हाळ्यात जुनीच पद्धत आहे. पुढचं सगळं जिभेवर. ती शरीरापेक्षा लांब असते आणि निमिषात परत तोंडात जाते. माशिमांच्या नातवाला हे एकदा दाखवावं. रोज दाखवायचं कबूल करू नये.

आणि आता पाहुणे. पहिल्या रविवारी चहाच्या वेळी ते येतील. ‘ओ मा! एटा आबार की?’ असं म्हणून एक जण चष्मा वर करेल. दुसरा विचारेल, ‘रोंग बोदलाच्छे ना कॅनो?’, म्हणजे रंग का बदलत नाही? त्यांना समजावून सांगावं की शॅमेलिऑन मागच्या भिंतीचा रंग घेत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या मंडळींनी 2015 मध्ये पँथरच्या कातडीचा अभ्यास करून दाखवलं की तिच्यातल्या पेशींमध्ये ग्वानिनचे बारीक स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो. आणि ते अंतर बदलतं राग, भीती, ऊन, जोडीदार यांमुळे. काळा-तपकिरी पडला म्हणजे घाबरला किंवा गारठला. हे सगळं ऐकून घेतल्यावर रंगाबद्दल विचारणारा काकाच घरी जाऊन ईस्ट बंगालचा लाल-पिवळा स्कार्फ घेऊन येईल आणि पिंजऱ्यामागे धरेल. वरच्या मजल्यावरचा मोहन बागानवाला हिरवा-मरून झेंडा आणेल. मोहन बागान हा फुटबॉल क्लब 1889 चा, ईस्ट बंगाल 1920 चा. दोघांत सरड्याने कुणाची बाजू घ्यावी यावर तासभर चर्चा होईल. सरडा काळा पडेल. दोघंही तो आपल्या विरोधकांचा रंग नाही म्हणून समाधानाने निघून जातील. (राजकीय पक्ष बदलण्यावरचा विनोद इथे अपेक्षित होता. तो वाचकांनी आपापल्या राज्यानुसार स्वतःच करून घ्यावा.)

सोबतीला दुसरा सरडा आणू नये. तो समोर दिसला तरी पहिल्याला सतत ताण राहतो. आरशातला स्वतःही त्याला खपत नाही. हातावर घेऊ नये. कुरवाळू नये. त्याने तुम्हाला ओळखलं असं वाटलं तर ती रातकिड्यांच्या डबीची ओळख समजावी. मादी असेल तर नर नसतानाही ती अंडी घालू शकते, त्यासाठी ओलसर वाळू-मातीची खोल बादली आधीच ठेवावी; जागा न मिळाल्याने अंडी आत अडकून राहिली तर जीव जातो. सरडे तपासणारा पशुवैद्य सरडा आणण्याआधी शोधून ठेवावा.

या शहराला प्राणी पाळण्याचं वावडं नाही. अवध गेल्यावर 1856 पासून मटियाबुर्जला राहिलेल्या वाजिद अली शाहांनी सापांसाठी खास जागा बांधून घेतली होती, असं अब्दुल हलीम शरर यांनी लिहून ठेवलं आहे. नवाबांना इंग्रजांकडून वर्षाला 12 लाख रुपये मिळत. तुमचा पगार तुम्हाला माहीत आहे. अलीपूरचं प्राणिसंग्रहालय 1876 चं. तिथले पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी 1892 मध्ये बंदिवासातले प्राणी कसे सांभाळावेत यावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात सस्तन प्राणी आहेत, पक्षी आहेत. सरडा नाही. सान्यालबाबूंनी त्याला एकटं सोडलं. त्यांना प्राण्यांची उत्तम समज होती.

शेवटचा मुद्दा दुर्गापूजेचा, कारण पाळीव शॅमेलिऑनची खरी परीक्षा षष्ठी ते दशमी. त्याला बाहेरचा कान नाही, ऐकू बेताचंच येतं, पण हादरे चांगले जाणवतात. आणि ढाक हे वाद्य हादऱ्यांसाठीच बनवलेलं आहे. त्याला रात्री बारा तास अंधार लागतो, आणि तुमच्या खिडकीसमोर चंदननगरच्या कारागिरांनी उभारलेली दिव्यांची कमान पहाटेपर्यंत मोर नाचवत असते. तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत न्यावा, खिडकीला जाड काळं कापड लावावं, पिंजऱ्याच्या पायांखाली जुन्या गोधडीच्या घड्या घालाव्यात. वर्गणी मागायला आलेल्या मुलांना दारातच पैसे द्यावेत, घासाघीस करू नये, आत तर मुळीच बोलावू नये. त्यांनी एकदा सरडा पाहिला की पुढच्या वर्षी मंडपाची थीम काय असेल हे सांगायला नको, आणि ती थीम तुमच्यामुळे सुचली म्हणून तुमची वर्गणी दुप्पट होईल.