डाकोटात असा नोहोता!

विमानातून एकदा जाऊन आलेला माणूस लपत नाही. तो 'काल मुंबईला होतो' असं म्हणत नाही, 'काल फ्लाइट लेट झाली' म्हणतो. आमचे एक शेजारी तर बॅगेवरची विमानतळाची पट्टी दिवाळीपर्यंत सोलत नाहीत. पण या जमातीचे मूळपुरुष आमच्याच घरचे, लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीचे. आमचे आबाजी.

आबाजींच्या लेखी जगात विमान एकच, डाकोटा. बाकी प्रत्येक वस्तू त्याच्याशी ताडून नापास करायची, एवढंच त्यांचं काम. साकोलीची एसटी खड्ड्यात आदळली, की "डाकोटात असा नोहोता!" व्याह्यांनी हौसेनं नवा सोफा दाखवला. आबाजी बसले, दोनदा दाबून पाहिला. "डाकोटात असा नोहोता!" कवळी टोचू लागली, तेव्हा दाताच्या डॉक्टरांनाही हेच ऐकावं लागलं. डाकोटा हा कुणी दुसरा डॉक्टर असावा, अशा समजुतीनं त्यांनी त्याचा पत्ता विचारला.

गोंदियाजवळच्या बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आली आणि शिकाऊ विमानं आभाळात दिसू लागली. रोवणीच्या बाया पऱ्हे हातात धरून वर बघत. धुऱ्यावर बसलेले आबाजी काठी उंचावून निकाल देत, "शेपटाले चाक नाही. याले का इमान म्हणतेत?"

डाकोटा मात्र बूड टेकून, नाक वर करून उभं राहायचं. आत शिरलं की चढणच चढावी लागायची. ती चढण, इंजिनाचा धूर, पेट्रोलचा वास, सगळं आबाजी रंगवून सांगत. "आबाजी, वरून ढग कसे दिसतेत जी?" असं विचारलं, की मात्र म्हणत, "चाय झाली का पाय."

उलगडा पुढं झाला. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला उतरत, आपसात थैल्या बदलत आणि आल्या वाटेनं परतत. कलकत्त्याचं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचायचं ते यामुळं. थैल्या चढवणाऱ्या हमालांत आमचे आबाजी होते. चढण पाठ होती, कारण ती पाठीवर ओझं घेऊन चढलेली. दार लागायच्या आत खाली उतरायचं, मग ढग दिसणार कुठून? १९७३ मध्ये ही सेवा बंद पडली आणि आबाजी धानाच्या बांधीत परतले.

खोटं ते कधी बोलले नाहीत. 'मी उडलो' हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणीच ऐकलेलं नाही. तेवढं गावानं जोडलं, त्यांनी फक्त खोडलं नाही. चारी दिशांची पत्रं ज्यांच्या पाठीवरून गेली, त्यांना एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

२०२२ साली बिरसीहून प्रवासी विमान सुटलं, तेव्हा आबाजी नव्हते. शेजारी गेले हैदराबादला, खिडकीजवळ बसून, पडदा ओढून, घोरत.

तुमच्या घरी असा कुणी म्हातारा असेल, तर खिडकीची जागा त्याला द्या. डाकोटाचं नाव मात्र काढू नका. हैदराबाद येईल, पण गोष्ट संपणार नाही.