नऊची सुकती

आमच्या स्वयंपाकघरात कुठल्याशा विमा कंपनीचं एक कॅलेंडर आहे. त्याच्या ऑक्टोबरच्या पानावर पिवळ्या-तांबड्या झाडांमधून एक घोडागाडी चालली आहे. गाडीत टोपीवाला गृहस्थ. मागे कुणी हॉर्न वाजवत नाही, पुढे सिग्नल नाही, आणि चेहऱ्यावरून त्याला कुठे पोचायचंही नसावं. त्याच्या टोपीवर हिने बॉलपेननं ‘दूध अर्धा लि. जास्त’ असं लिहून ठेवलंय, तरी त्याचा निवांतपणा ढळलेला नाही. दोन आठवडे रोज सकाळी चहा पिताना मी त्या माणसाकडे बघत होतो. शेवटी म्हणालो, “आपणही असं जायचं.”

“तुमच्याकडे टोपी कुठाय?” ही म्हणाली.

टोपी नव्हतीच, पण तसा शरदही आपल्याकडे नसतो. आपल्याकडे पानं पिवळी होत नाहीत की गळत नाहीत. पिवळं होतं ते शेतातलं भात आणि गळतो तो घाम. कवींनी शरदाचं चांदणं तेवढं उचललं आणि दुपार आपल्यासाठी ठेवून दिली. त्या दुपारीला मराठीत ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात.

गाडीचाही प्रश्न होता. मुंबईतल्या चंदेरी व्हिक्टोरिया मुंबई उच्च न्यायालयानं 2015 साली बेकायदा ठरवल्या. डांबरावर दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या त्या घोड्यांची दशा ज्यानं पाहिली असेल, तो ह्या निकालावर तक्रार करणार नाही. पुढे 2019 साली ह्याच न्यायालयापुढे एका अलिबागकराची याचिका आली. ‘मी काय अलिबागवरून आलोय का?’ ह्या वाक्यावर बंदी घाला, असं त्याचं म्हणणं. ती मात्र न्यायालयानं फेटाळली. म्हणजे घोडागाडी मुंबईतून गेली आणि अलिबागची थट्टा मुंबईत राहिली. हिशेब उलटा झाला होता. तो सरळ करायला मीच अलिबागला जायचं ठरवलं, कारण तिथे घोडागाड्या अजून आहेत आणि त्या चक्क समुद्रातून चालतात.

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यासमोरचं पाणी मागे हटतं आणि कुलाबा किल्ल्यापर्यंत वाट उघडी पडते. त्या वाटेनं लोक चालत जातात, नाहीतर घोडागाडीनं. भरतीला तोच किल्ला पुन्हा बेट होतो. मी मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं ॲप उतरवून घेतलं आणि चौलला आत्याला फोन केला. तिला गाडीत घ्यायचं होतं, शिवाय रात्रीचा मुक्काम तिच्याकडे होता.

“कधी येताय?”

“थांब, ॲपमध्ये बघतो. रविवारी ओहोटी...”

“रविवारी वद्य चतुर्थी. चार पाऊण तीन. तीनला भरती, नऊला सुकती,” आत्या म्हणाली. माझ्या ॲपचं चक्र अजून फिरतच होतं.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. त्यात सहा तास मिळवले की सुकती, म्हणजे ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याची ही पाऊण तासाची गावठी बेरीज. आत्याच्या शाळेत पाऊणकी पाठ नसली की छडी मिळायची. आमच्या शाळेत पाऊणकी नव्हती, म्हणून मला महिन्याला इंटरनेट भरावं लागतं. ॲप शेवटी उघडलं आणि त्यानंही नऊच्या आसपासचीच वेळ दाखवली. मी ते काढून टाकलं.

वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि किल्ल्यात सिद्धिविनायक. त्यामुळे माझ्या निवांत सफरीचं एका रात्रीत देवदर्शन झालं आणि तिला उपास लागला. माझा संकष्टीचा उपास लग्नापासूनचा आहे. सुरू करताना मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. उपास नसलेला एकमेव प्रवासी म्हणजे हिचा भाऊ. तो आदल्या दिवशी गेटवेला लाँच सुटायच्या वेळी धावत आला, आणि मांडव्याला उतरेपर्यंत त्यानं दोन वडापाव आमच्यादेखत संपवले. ते वडापाव पुढे ह्या कथेत महत्त्वाचे ठरतात.

रविवारी पावणेआठलाच आम्ही किनाऱ्यावर हजर. गाड्या रांगेत उभ्या. आमच्या गाडीचा घोडा करड्या रंगाचा, कपाळावर प्लास्टिकची झेंडूमाळ, डोळ्यांना झापडं आणि तोंडाला चण्यांचा तोबरा. शेजारी गाडीवान, तोंडात पानाचा तोबरा. दोघांचेही तोबरे संपेपर्यंत बोलणी सुरू होऊ शकली नाहीत.

“रेसचा घोडा आहे, साहेब. महालक्ष्मीला पळालाय.”

“मग इथे कसा?” मेव्हण्यानं विचारलं.

“पळाला म्हणून तर इथं.”

ह्या उत्तराचे दोन अर्थ होतात आणि त्यातला खरा कुठला, हे नंतर कळलं.

मी भाड्याची घासाघीस केली. किती रुपये कमी झाले ते सांगत नाही, कारण परतताना ते सगळे मी बक्षीस म्हणून दिले आणि वर आणखी काही. मग बसवाबसवी सुरू झाली. दोन चाकांच्या गाडीचा सगळा जीव तोलात असतो. मागे वजन वाढलं की दांड्या वर उठतात, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळतो आणि गाडी उलाळ होते. पुढे वाढलं की सगळा भार त्याच्या पाठीवर. म्हणून गाडीवान माणसं बसवत नाही, वजनं लावतो. त्यानं एकदा आमच्यावरून तराजूसारखी नजर फिरवली आणि म्हणाला, “मोठ्या बाई पुढं.”

“वयानं मोठी म्हणतोयस ना रे, बाबा?” आत्यानं विचारलं. त्यानं घोड्याचा लगाम नीट केला.

गाडी निघाली. आता निवांतपणा सुरू व्हायला हरकत नव्हती. पायांखाली ओली घट्ट वाळू, दोन्ही बाजूंना डबक्यांत अडकलेलं आकाश, समोर किल्ल्याची काळी तटबंदी. मी कॅलेंडरवरच्या माणसासारखा हात मांडीवर ठेवून बसलो. पण गाडीवानाला घाई होती. एका सुकतीत त्याला जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या असतात. समुद्र उघडतो तेवढाच त्याचा धंदा, आणि दुकान बंद करायची वेळ त्याच्या हातात नाही. एवढंच काय, ती वेळ रोज बदलते. त्याच्या गाडीत निवांत बसणं म्हणजे पिठाच्या गिरणीत डुलकी काढण्यासारखं आहे. घोड्यालाही घाई होती, कारण त्याचा पुढचा तोबरा किनाऱ्यावर होता.

मी विषय काढावा म्हणून मागे वळून किनाऱ्याजवळच्या वेधशाळेची माहिती सांगू लागलो. माहिती खरोखर सुरस आहे. मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्रामी होत्या. त्या विजेवर चालवायचं घाटू लागलं तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या कुलाब्याच्या वेधशाळेची पंचाईत झाली. घोड्यांच्या ट्रामीनं चुंबकसुई हलत नव्हती, विजेच्या ट्रामीनं हलणार होती. म्हणून ते काम 1904 साली इथे, अलिबागला आलं. विजेची ट्राम 1907 साली धावली. म्हणजे मुंबईतून घोडे हलले आणि विज्ञान अलिबागला आलं! त्यातली दुसरी गंमत अशी, की मुंबईच्या कुलाब्याहून उठून ती वेधशाळा आली तीही कुलाबा जिल्ह्यातच. रायगड हे नाव जिल्ह्याला मिळालं 1981 साली.

“घोड्याच्या नालांनी नाही का हलत सुई?” हिने विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बायकोला विज्ञान सांगू नये असं नाही, पण घोडा समोर असताना सांगू नये.

किल्ल्याच्या दरवाजापाशी गाडीवानानं आम्हाला उतरवलं. “दहाला इथंच उभे राहा. दहा म्हणजे दहा. चुकलात तर मग रात्रीची नऊची सुकती.”

आत्या शांतपणे म्हणाली, “चालेल की. चंद्रोदय त्याच सुमाराला. उपास इथेच सोडू.”

ते तिनं थट्टेत म्हटलं असावं, असं मी अजून धरून चालतो.

किल्ला मात्र निवांत आहे. शिवाजी महाराजांनी 1680 साली त्याचं काम सुरू करवलं आणि तो गाजला कान्होजी आंग्र्यांच्या काळात. तटाचे प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचलेत, मध्ये चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. आमच्या इमारतीच्या गच्चीत मागल्या वर्षी तीन थर वॉटरप्रूफिंग केलं. पाणी फटींत शिरतं हे तत्त्व तिथेही आहे, फक्त पुढे ते आमच्या बेडरूममध्ये येतं.

1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले होते आणि हात हलवत परत गेले. त्यांच्याकडे लढाऊ जहाजं होती. तटावर आज दोन इंग्रजी तोफा गाड्यांवर उभ्या आहेत. यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या, साल 1849. तोवर आंग्र्यांचं संस्थान खालसा होऊन नऊ वर्षं झाली होती. वरातीमागून घोडं ऐकलं होतं, वरातीमागून तोफ प्रथमच पाहिली. मेव्हणा त्यातल्या एका तोफेवर फोटो काढायला चढला आणि उतरताना त्याला दोघांनी धरावं लागलं.

राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेल्या देवळात गर्दी होती. रांगेत पाऊण तास गेला. मी दोनदा घड्याळ पाहिलं आणि दोन्ही वेळा आत्यानं माझा हात खाली केला. दर्शन झाल्यावर गोड्या पाण्याची विहीर पाहायची राहिली होती. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडं पाणी, मग ते चाखल्याशिवाय कसं जायचं? ती चाखून आम्ही दरवाजापाशी आलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

गाडीवान आमच्यासाठी थांबला होता. तो काही बोलला नाही. त्यानं नुसता समुद्राकडे हात केला. येताना जिथे आकाश डबक्यांत होतं, तिथे आता ते सलग झालं होतं.

“बसा पटापट. आता घोडामैदान.”

ह्या गडबडीत तोलाचा विचार राहिला. आत्या मागे बसली, ही मागे, आणि चढत्या पाण्याचा व्हिडिओ घ्यायला मेव्हणा पार मागच्या पायदानावर गेला, वडापावांसकट. अर्ध्या वाटेवर पाणी घोड्याच्या गुडघ्याला लागलं. चाक मऊ वाळूत रुतलं, दांड्या वर उठल्या, आणि महालक्ष्मीला पळालेला तो घोडा जागच्या जागी उभा राहिला. पट्टा पोटाला आवळलेला असताना कुणीही उभाच राहील.

मराठीला घोड्यांचे वाक्प्रचार काही कमी नाहीत. आमचं घोडं अडलं होतं. घोडं पेंड कुठे खातंय ते कळत नव्हतं. गंगेत घोडं न्हालं म्हणावं, तर समुद्र होता. मेव्हणा मागून ओरडला, “दाजी, टांगा पलटी घोडे फरार!” आणि स्वतःच हसला.

“उतरा,” गाडीवान म्हणाला.

मी, मेव्हणा आणि ही उतरलो. पाणी पोटऱ्यांच्या वर. मी पँट दुमडण्याचा सभ्य प्रयत्न केला, एका लाटेनं तो निकालात काढला. आम्ही ढकलू लागलो. गाडीवान घोड्याला हाकू लागला. गाडी तसूभर हलेना. आत्या एकटी वर बसलेली, पदर सावरून, दोन्ही चाकांकडे आळीपाळीनं बघत. मग ती कुणाला न विचारता उठली, दांडीला धरून गाडीवानाच्या शेजारी पुढे येऊन बसली आणि म्हणाली, “आता हाक.”

दांड्या खाली आल्या, पट्टा सैल झाला. चाकानं वाळू सोडली. घोड्याच्या पाठीमागची तीन माणसं अचानक हलकी झाली होती आणि पुढे तोबरा होता. तो निघाला तो थेट निघाला. रेसचा घोडा असल्याचा पुरावा मला तिथे मिळाला. गाडी सरळ होती, घोडा फरार होता आणि पलटी झालो ते ढकलता ढकलता पालथे पडलेले आम्ही. गाडीवानानं लगाम खेचलाही असेल. पण पाण्यात एकदा थांबलेली गाडी पुन्हा थांबवायची नसते, हे त्यानं किनाऱ्यावर गेल्यावर सांगितलं. आत्यानं पाठीमागे पाहून हात हलवल्याचं मला स्पष्ट दिसलं.

उरलेली वाट आम्ही चालत आलो. खरं सांगायचं तर तेवढाच भाग सावकाश झाला. पाणी मांड्यांपर्यंत, डोक्यावर ऑक्टोबर, हातात चपला. मेव्हण्याचा व्हिडिओ चांगला निघाला आहे. त्यात सुरुवातीला किल्ला आहे, मग बराच वेळ नुसतं पाणी आणि माझा आवाज. काय बोलतोय ते उपासाच्या दिवशी सांगण्यासारखं नाही.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा घोडा गाडीतून सोडलेला होता आणि वाळूत चारी पाय वर करून लोळत होता. आत्या नारळपाणी पीत बसली होती. तिनं गाडीवानाची मुलं कितवीत आहेत, घोड्याला दिवसाला चणे किती लागतात आणि पावसाळ्यात धंदा बंद असताना तो काय करतो, हे सगळं काढून घेतलं होतं. भाडं तिनं देऊन टाकलं होतं. मी ठरवलं होतं त्याहून ते कमी होतं. त्यावरचं बक्षीस मी दिलं, तो हिशेब मघाशी सांगितलाच.

तुम्हाला जायचं असेल तर अवश्य जा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे चार दिवस बघा. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा पाणी फारसं सुकत नाही. तिथीची पाऊणपट करा, सहा मिळवा, आणि त्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर उभे राहा. मेव्हणा असलाच, तर त्याला पुढे बसवा.