कलमकाका

हा माणूस प्रत्येक गावात एक तरी असतोच. गल्लीत पोरं प्लास्टिकच्या बॉलने खेळत असली तरी हा हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतो आणि कुणी न बोलावता स्टंपांमागे, म्हणजे उलट्या ठेवलेल्या डब्यामागे, जाऊन उभा राहतो. तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्या नेरळमध्ये कलमकाका म्हणतात.

भातकापणी झाली, धसकटं वाळली की माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी शेताशेतांत पिचं उमटतात. बांध हीच बाउंड्री. मग कुठला ना कुठला चषक येतो, डीजे येतो, मांडवातून कॉमेंट्री सुरू होते आणि पांढरा कोट घालून कलमकाका येतात. काखेत नियमांची झेरॉक्स. ती 2000 सालच्या संहितेची. 2017 मध्ये नवी संहिता आली, 2022 मध्ये तीही बदलली, पण काकांनी नवी प्रत घेतली नाही. जुन्या पानांवरच कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यामुळे पुस्तक फुगून हिशेबाच्या चोपडीएवढं झालंय. त्यात एका ठिकाणी 27 हा आकडा खोडून लाल शाईने 31 केलेला आहे. ते अपिलाचं कलम. काकांचं सगळं आयुष्य या कलमावर उभं आहे. फिल्डिंगच्या बाजूने अपील केल्याशिवाय अंपायर कुणालाही आउट देणार नाही, असं ते म्हणतं.

एका सेमीफायनलला शेवटच्या ओव्हरमध्ये सात रन हवे होते. बॅटची कट घेऊन बॉल कीपरच्या हातात गेला. मांडवातल्या माणसालाही ऐकू आली अशी कट! कीपर नाचला, बॉलर शर्ट काढून बांधापर्यंत धावला, डीजेवाल्याने गाणं सोडलं. काका कोटाच्या खिशात हात घालून उभे. ते हलेनात म्हणून बॅट्समनही हलेना. तेवढ्यात पुढचा गडी ग्लोव्हज चढवत आत आला.

"तू कोण?" काका.

"नवीन बॅट्समन."

"जुना कुठं आउट झालाय?"

मग बॉलर धापा टाकत आला. "ओ काका, कट लागली का नाय?"

"लागली."

"कॅच घेतला का नाय?"

"स्वच्छ घेतला."

"मग बोट कुठंय?"

"विचारलं कुणी?"

आता बॅटिंगवाल्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. त्या गोंधळात कीपरच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "हाउज द्याऽऽट!" त्याच क्षणी काकांचं बोट वर. पुढच्या बॉलचा रनअप सुरू झालेला नसला आणि मध्ये 'टाइम' पुकारलेला नसला की अपील चालतं, हे त्यांनी शांतपणे समजावलं. ऐकायला कुणी थांबलं नाही. पाच मिनिटांत दोन्ही टीम एकाच माणसावर चिडल्याचं मी तेव्हाच पाहिलं.

घरीही हेच. आमटी मिठाने खारट झालेली असते, काका मुकाट्याने दोन वाट्या संपवतात, आणि शेवटी जेवायला बसलेल्या काकूंचा पहिला घास तोंडातच थांबतो. "अहो, सांगायचं नाही का?" "तू विचारलंस का?" काकूंनी आता प्रत्येक घासाला अपील करायची सवय लावून घेतलीय. एकदा डॉक्टरांनी विचारलं, छातीत दुखतंय तर इतके दिवस बोलला का नाहीत? उत्तर तुम्हाला माहीत आहे.

लोकलमध्ये त्यांच्याबरोबर प्रवास करू नये. नेरळला गाडी येते तीच कर्जतहून भरून. म्हणून आपली शहाणी मंडळी आधी उलटी कर्जतला जातात आणि तिथून सीट पकडून येतात. काकांच्या मते हे नॉन-स्ट्रायकरने बॉल पडायच्या आधी क्रीज सोडणं. त्यावरून गाडी विनू मांकडवर जाते, आणि एकदा गेली की ठाण्यापर्यंत उतरत नाही. डिसेंबर 1947, सिडनी. अशीच क्रीज सोडलेल्या बिल ब्राउनला मांकडने रनआउट करून बाहेर काढला. त्याच दौऱ्यात आधीही एकदा काढला होता, तरी ब्राउन शिकला नाही. आणि नाव बदनाम झालं ते मांकडचं! 1 ऑक्टोबर 2022 पासून ही गोष्ट 'अनुचित खेळा'च्या 41व्या कलमातून काढून 38व्यात, साध्या रनआउटमध्ये ठेवली. "75 वर्षं लागली," असं म्हणून काका असे बघतात, जणू खटला त्यांनीच चालवला होता. समोरचा बिचारा चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला असतो. त्याचं विनू मांकडशी काहीच वाकडं नसतं.

गुंडाप्पा विश्वनाथवर त्यांचा राग आहे. 1980 च्या वानखेडेवरच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत अंपायरने आउट दिलेल्या बॉब टेलरला त्याने परत बोलावलं, टेलरने बोथमबरोबर मोठी भागी केली आणि आपण हरलो. सारं जग या दिलदारपणाचे गोडवे गातं. काका एवढंच म्हणतात, "अपील मागे घ्यायला अंपायरची संमती लागते. ते कुणी लिहीत नाही."

न विचारता ते एकच गोष्ट करतात, डेड बॉल. एकदा म्हैस आत शिरून बॉलपाशी ठाण मांडून उभी राहिली. फिल्डर जवळ जाईनात, बॅट्समननी पळून पाच काढले. मैदानात जनावर आल्याने एका बाजूचं नुकसान झालं तर डेड बॉल, ही 2022 ची पट्टी काकांकडे ताजी होती. पाचही रन रद्द. मग निघालं की म्हैस बॅटिंगवाल्यांच्याच कप्तानाची. "म्हैस कुणाची हे नियमात नाही," काका म्हणाले. म्हशीला बाहेर काढायला मात्र कप्तानालाच जावं लागलं, ती दुसऱ्या कुणाचं ऐकेना.

पैसे घेत नाहीत. वडापाव आणि चहा, तोही मॅच संपल्यावर. कोट स्वतः नीळ घालून धुतात. बॉल मोजायला खिशात सहा चिंचोके आहेत, हाताळून हाताळून काचेसारखे गुळगुळीत झालेले. बॉल पडला की एक डाव्या खिशातून उजव्यात. टेनिस बॉलच्या क्रिकेटला एलबीडब्ल्यू नसतो, याचं त्यांना जे दुःख आहे ते माझ्या ओळखीच्या दुसऱ्या कुणालाही नाही. 36वं कलम पुस्तकात कोरंकरकरीत आहे, एकही पट्टी नाही, एकही डाग नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मॅचेसचं शेत विकलं गेलं. नेरळभर जे चाललंय तेच. चुन्याच्या रेघा पडल्या, जेसीबी आला, मुंबईकरांच्या सेकंड होमचा बोर्ड लागला. चहाच्या टपरीवर पोरं हळहळली, चिडली, आणि एका संध्याकाळी काकांभोवती गोळा झाली. त्यांनी पहिल्यांदाच न शिकवता विचारलं, "काका, हे आउट नाय का?"

काका बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिले. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर. व्यवहार रीतसर. त्याच्या पोरीचं लग्न त्या पैशांत झालं, आणि आम्ही सगळे तिथं जेवलो होतो. मी पैजेवर सांगतो, त्या क्षणी खोटं बोट वर करावं असं त्यांना मनापासून वाटलं असेल.

"नॉट आउट," ते म्हणाले आणि चहाचे पैसे देऊन निघाले. त्या दिवसापासून त्यांच्या नियमांची टिंगल करताना माझी जीभ जरा अडखळते. टिंगल सोडलेली नाही.

आता पोरं रुळांपलीकडच्या एका शेतात खेळतात. तिथं मिडविकेटला विजेचा खांब आहे. पहिल्याच मॅचला बॉल खांबावर आपटून उडाला आणि फिल्डरने तो वरच्या वर झेलला. चौकार की कॅच? काकांनी कोट चाचपला. पुस्तक घरी राहिलेलं. मग त्यांनी रीतसर 'टाइम' पुकारला, बेल्स काढल्या आणि रिक्षाने घरी गेले. अर्धा तास दोन्ही टीम आंब्याखाली सरबत पीत बसल्या. परत येऊन काकांनी निर्णय दिला: खांब ही बाउंड्री आहे असं टॉसच्या आधी ठरलं नव्हतं, म्हणून चौकार नाही. खांबाला लागून आलेला झेलही कायदेशीर.

बॉलरला आता सगळं पाठ झालं होतं. त्याने गुडघ्यावर बसून, दोन्ही हात पसरून अपील केलं.

"नॉट आउट," काका म्हणाले. "मघाशी टाइम पुकारला ना मी."