आवक-जावक

निवृत्त होणाऱ्या माणसाला कचेरी शाल देते, नारळ देते आणि दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची पुसून घेते. माणूसही महिनाभर रुसतो आणि मग शेतात, नातवंडांत, नाहीतर गुडघ्याच्या डॉक्टरांत रमतो. नानांचं तसं झालं नाही. गंगापूर तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी हयात काढली. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. मधल्या काळात कागदाचं काय झालं याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. निवृत्तीनंतर कागद बंद झाले, तेव्हा त्यांनी माणसं धरली.

त्यासाठी दोनशे पानी वही आहे. मुलाकडे पुण्याला गेलेला माणूस 'जावक'मध्ये जातो, सुनेशी पटलं नाही म्हणून परत आला की 'आवक'मध्ये. वारलेल्यांसाठी रकाना नाही. त्यांच्या नावापुढे 'रजा' असं लिहिलेलं असतं. कोणती रजा, ते लिहिलेलं नसतं.

असे नाना वैजापुरात आहेत, पैठणात आहेत, आणि निवृत्त शिक्षकांत तर एका शाळेला दोन सापडतात. जुने सहकारी एकत्र आणणं हे काम पगारी असतं तर कुणी केलं नसतं. 2023 च्या डिसेंबरात खुद्द गंगापुरात मराठवाडा साहित्य संमेलन भरलं, तेव्हाही नाना आम्हाला घेऊन गेले होते. परिसंवादात कोण काय बोललं हे त्यांना सांगता येणार नाही. आमच्यातलं कोण जेवलं आणि कोण नुसतंच मठ्ठा पिऊन निघून गेलं, हे वहीत आहे.

त्या यशाने त्यांची भीड चेपली आणि त्यांनी वेरूळ-अजिंठा महोत्सवाला हात घातला. हा महोत्सव पूर्वी वेरूळला कैलास लेण्याच्या पुढ्यात व्हायचा, पुढे जिल्ह्याच्या शहरात, सोनेरी महालात आला. 2016 नंतर त्याला खंड पडला आणि 2023 च्या फेब्रुवारीत तो पुन्हा सुरू झाला. कैलासच्या काळात नानांची एकदा तिथे पाण्याच्या टँकरवर ड्युटी लागली होती. तेवढ्यावर ते या महोत्सवाचा उल्लेख 'आपला' असा करतात. त्या वर्षी स्टेजवर कोण होतं असं विचारलं तर म्हणतात, "स्टेज टँकरच्या मागे होतं."

माणसं गोळा करण्याची त्यांची पद्धत समजावणीची नाही, वसुलीची आहे.

"काहून नाही येत?"

"नाना, गुडघा लई दुखतोय."

"गुडघ्याला गाणं ऐकायचंय का? बसायचं तर आहे."

बायकांशी बोलताना 'मॅडम' आणि आवाज खाली. "मॅडम, सूनबाईंना म्हणावं, आजच्या दिवस दूध तुम्ही तापवा." या एका वाक्यावर लासूर स्टेशनच्या दोन मॅडम आल्या. एकीने धपाटे आणले, दुसरीने शेंगदाण्याची चटणी. नानांनी डबे हुंगून आत घेतले आणि वहीत नोंद केली.

गाडी दुपारी चारला निघायची होती, निघाली साडेपाचला, कारण कायगावहून येणारा एक माणूस 'निघालो' म्हणून फोन करत होता तो अंघोळ करता करता. परिणाम असा की वाळूजला आम्ही बरोबर कंपन्या सुटण्याच्या वेळेला पोचलो. वाळूज एमआयडीसीची शिफ्ट सुटते तेव्हा रस्त्यावर रस्ता दिसत नाही. वाळूजपुढच्याच पंढरपूर नावाच्या गावच्या चौकात तर आम्ही इतका वेळ उभे होतो की धपाटे संपले. नाना मात्र खूश. गाडीत सगळे कोंडलेले, उतरून जाण्याची सोय नाही. त्यांनी तेवढ्यात दोनदा हजेरी घेतली.

सोनेरी महाल विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. बुंदेलखंडच्या एका सरदाराने तो बांधला. भिंतींवर एकेकाळी सोनेरी रंगाची चित्रं होती, म्हणून हे नाव. आता सोनं शोधावं लागतं. दिव्यांच्या झोतात महाल असा काही उजळला होता की आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. नाना भिंतीकडे बघून म्हणाले, "एवढं सोनं गेलं. ऑडिटला काय दाखवलं असेल?"

भाषणं सुरू झाली. श्रोते अशा वेळी मोबाईल काढतात. नाना सरसावून बसतात. दीपप्रज्वलनाला कोण पहिला, कोण दुसरा, कुणाच्या हातातली मेणबत्ती विझली, स्वागताच्या यादीत कुठल्या खात्याचं नाव राहिलं, यातलं काही सुटत नाही. त्यांच्यापुरता महोत्सव खरं तर इथेच संपतो. पुढे कलावंत येतात, तो भाग लोकाग्रहास्तव.

आलाप सुरू झाला आणि नानांना पुढच्या सोफ्यांच्या रांगेत एक टक्कल दिसलं. "आपले साहेब!" आम्ही त्यांचा सदरा धरला, तो सोडवून ते निघाले, आणि मागोमाग आम्हालाही जावं लागलं, एवढ्या वर्षांची सवय. सतारवाला डोळे मिटून बसला होता म्हणून बरं. निवृत्त साहेबांना कुणीच ओळखू येईना.

"साहेब, मी आवक-जावक. तुम्ही मला कारणे दाखवा नोटीस दिली होती."

साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांची आठवण काढणारा बहुधा हा पहिलाच माणूस. "हो का? कशाबद्दल?"

"तेच विचारायला आलो होतो, साहेब."

दोघेही खळखळून हसले. मागून कुणीतरी 'शू' केलं, तेव्हा साहेबांनी सरकून नानांना सोफ्यावर जागा दिली. आम्ही परत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

तिथून मला नानांचा उजवा हात दिसत होता. तबला चढत गेला, द्रुत झाला, आणि नानांची मूठ हलायला लागली. मला वाटलं, माणूस ताल देतोय. नीट पाहिलं तर मूठ आधी सोफ्याच्या हातावर जात होती, मग मांडीवर. पुन्हा सोफ्यावर, पुन्हा मांडीवर. शाईचं पॅड, कागद. पॅड, कागद. नाना शिक्के मारत होते. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, टपालाचा ढीग उपसला जातो आहे. तबलजीने तिहाई घेतली आणि तिसऱ्या धा-ला नानांचा शिक्का अगदी समेवर पडला. साहेब त्यांच्याकडे वळून "वा!" म्हणाले. जाणकार समजले असावेत.

मध्यरात्री चहाच्या गाडीवर नानांनी प्रत्येकाला कार्यक्रम कसा वाटला ते विचारलं आणि उत्तर न ऐकता प्रत्येकाच्या घरी सोडण्याचा क्रम लावला. सगळे दमले होते, सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि लासूरच्या मॅडम सूनबाईंना फोनवर सांगत होत्या की गाडी अजून शहरातच आहे. हे सांगताना त्यांचा आवाज फार आनंदी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांना हिशोब आला. डिझेल, चहा, ड्रायव्हरचं जेवण. शिल्लक रुपये 35, पुढील महोत्सवास वर्ग. कायगावकरांनी ताबडतोब हरकत घेतली: त्यांनी अर्धा चहा घेतला होता, पैसे पूर्ण लावले आहेत.

नानांचं उत्तर मिनिटभरात आलं. "लेखी द्या. दोन प्रतींत."