अखंड चार्जिंगचं व्रत

लॅपटॉप घरी आणला त्या दिवशी चार्जर खोचायचा आणि बॅटरी फुगेपर्यंत काढायचा नाही, हे व्रत आपल्याकडे घरोघरी निष्ठेनं पाळलं जातं. त्याची थोरवी कुणी लिहून ठेवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लेनोवो, असूस, डेल या कंपन्यांनी चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये देऊन ठेवली आहे. ऐंशी! दहावीच्या निकालात हा आकडा आला तर आपण पेढे वाटत नाही, आणि बॅटरीच्या बाबतीत तो गोड मानून घ्यायचा? जाणकार सांगतात, पूर्ण भरलेल्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज साधारण 4.2 पर्यंत चढतं, त्या ताणात आतलं रसायन हळूहळू झिजतं आणि जोडीला उष्णता असली की झीज वाढते. खरंच असेल. पण कोपऱ्यात शंभरचा आकडा दिसला की जिवाला जो निवांतपणा मिळतो, तो जाणकारांच्या हिशेबात कुठे धरलेला आहे?

उष्णतेचं म्हणाल तर बऱ्याच कंपन्या 35 अंशांपर्यंतच लॅपटॉप वापरा असं लिहून देतात. अकोल्या-नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो; तिथल्या माणसानं काय दोन महिने पाटी-पेन्सिल वापरावी? तो लॅपटॉप गादीवर ठेवतो, खालची हवेची भोकं दुलईनं बुजतात, पंखा घरघरतो. यंत्र मनापासून राबतंय, हे त्या आवाजावरूनच तर कळतं. बाजारात जाताना तो लॅपटॉप उन्हातल्या बंद गाडीत ठेवून जाणाऱ्यांची श्रद्धा तर आणखी वरची.

व्रताची दुसरी शाखा जुन्या वळणाची. बॅटरी पार शून्यावर उतरवायची, मगच चार्जर लावायचा. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. सोनीनं 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिला या उपासाची गरज नाही, उलट वारंवार शून्य गाठलं की ती लवकर थकते. तरीही थोरामोठ्यांचा शब्द खाली पडू न देणारी माणसं आहेत. सुट्टीवर जाताना रिकामा लॅपटॉप कपाटात ठेवणारी तीच. अर्धी बॅटरी भरून ठेवावी, हा उपदेश त्यांनी कानाआड केला आणि परतल्यावर बॅटरी चार्जच होईना, तरी तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही.

गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल या बॅटरीसाठी मिळालं. तो मान बनवणाऱ्यांचा. तिला वेळेआधी मोकळं करून पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार गजबजते ठेवणाऱ्यांना अजून साधा नारळसुद्धा कुणी दिलेला नाही.

व्रतस्थांना एकच विनंती, उद्यापन नीट करा. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण बसेना, तर बॅटरी फुगली असं समजा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.