कवडीपाटावर पाहुणे पाहण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

स्थलांतरित पक्षी पाहायला बेट लागतं, अशी एक समजूत आहे. शरदात समुद्र ओलांडून दमलेले पक्षी दिसेल त्या पहिल्या जमिनीवर उतरतात, म्हणून जगभरचे पक्षीवेडे खडकाळ बेटांवर दुर्बिणी लावून बसतात. लोणी काळभोरकरांची इथेच पंचाईत. समुद्र शंभरावर किलोमीटर लांब. बेटाच्या जवळपास जाणारी जागा एकच, रामदऱ्याचं तळ्यातलं देऊळ. तिथे पांढरीशुभ्र बदकं दिसली, तर ‘सायबेरियातून आले’ असं घरी फोन करून सांगू नये. ती पाळीव असतात आणि त्यांचं स्थलांतर पायरीपासून पाण्यापर्यंत.

खरा बाजार भरतो नदीवर. तो पाहण्याची पद्धत खालीलप्रमाणे.

१. जागा. हडपसर मागे टाकून सोलापूर रस्त्याने निघावं. कवडीपाट टोलनाका म्हणून सगळे ओळखतात, तिथून नदीकडे वळावं. रस्ता विचारायची गरज पडत नाही, वास येतो. समोर मुळा-मुठा, तिच्यावर बुटका बंधारा आणि खाली काळे खडक. खडकांभोवती पाणी असतं, म्हणजे व्याख्येनुसार ती बेटंच. बंधाऱ्याखाली पांढरा फेस दिसेल. पाहुण्यांसाठी कोणी बर्फ आणून टाकलेला नाही. पुण्यातल्या घराघरांतली साबणाची पावडर आहे ती.

२. मुहूर्त. पाहुणे वऱ्हाडासारखे एकदम उतरत नाहीत. गणपती आटोपतात न आटोपतात तोच करडा धोबी येतो. हा हिमालयाच्या अंगाखांद्यावरून आणि त्याच्याही उत्तरेकडून येतो, पोटाखाली पिवळा, शेपटी सतत खालीवर. नेमकं त्याच सुमारास पितृपक्ष असतो आणि सगळं गाव पत्रावळीपाशी कावळ्याची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असतं. धोबी तिथेच चार हातांवर ठुमकत असतो. त्याला कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. ऑगस्टअखेरपासून तुताऱ्या आणि टिलवे चिखलात दिसू लागतात. बदकं खऱ्या अर्थाने जमतात ती दिवाळीच्या आगेमागे. सरकारी मुहूर्त हवा असेल, तर ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ला सालिम अलींचा. या आठवड्यात बंधाऱ्यावर पक्ष्यांपेक्षा भाषणं जास्त ऐकू आली, तर घाबरू नये. आठवडा संपतो, पक्षी मार्चपर्यंत राहतात.

३. साहित्य. दुर्बीण हवी. आठ बाय बेचाळीसची पुरते. मोठ्या लेन्सचा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर आधी एक हिशेब करावा. टेमिंकचा टिलवा म्हणून जो चिमुकला पक्षी समोर चिखल टोचत असतो, त्याचं वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम. तो ध्रुवाजवळच्या टुंड्रात जन्मतो आणि विना-सामान इथवर येतो. तुम्ही मगरपट्ट्यातून येता आणि तुमच्या पाठीवर नुसता ट्रायपॉडच दोन किलोचा.

४. पोशाख. नवशिके हमखास लष्करी ठिपक्यांचे कपडे शिवतात. ते घालून दबकत, गुडघ्यावर रांगत पाण्याकडे निघालं, की अख्खा थवा उडतो. त्याच वेळी पलीकडच्या काठावर लालभडक लुगडी नेसलेल्या बाया धपाधप कपडे धूत असतात, म्हशी डुंबत असतात, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर शेकाटे निवांत चरत असतात. पक्ष्यांना रंगाचं वावडं नाही. त्यांना चोरपावलांनी आपल्या रोखाने येणारा प्राणी चांगला कळतो. सरळ उभं राहावं, एका जागी थांबावं, आणि जमलं तर म्हशीसारखं वागावं.

५. ओळख, प्राथमिक. शेकाट्यापासून सुरुवात करावी; तो चुकत नाही. काळे पंख, पांढरं अंग आणि खाली गुलाबी काटक्यांसारखे लांबलचक पाय. तो बारमाही आहे, थंडीत फक्त गर्दी वाढते. मग थापट्या. या बदकाची चोच टोकाला रुंद, सपाट, उलथन्यासारखी. तिच्या कडांना बारीक दातऱ्यांची चाळणी असते. थापटे घोळक्याने गोलगोल फिरतात, पाणी घुसळून खालचं खाद्य वर आणतात आणि चोचीतून गाळून घेतात. हे दृश्य पाच मिनिटं नीट पाहिलं, तरी सकाळ वसूल. त्यानंतर चक्रवाक. नारिंगी-तांबूस अंग, फिकट डोकं आणि आवाज असा, की कोणी तरी दूर पिपाणी वाजवतंय. संस्कृत कवींनी या जोडप्याची रात्रीपुरती ताटातूट करून ठेवली आहे. कवडीपाटावर मात्र ही जोडपी एका खडकावर शेजारी शेजारी बसलेली दिसतात. लडाख-तिबेटकडून एवढ्या लांब एकत्र आल्यावर आता कशाला भांडायचं?

६. ओळख, उच्च. म्हणजे तुतारी. साधी तुतारी, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी. तिन्ही मातकट, तिन्ही शेपटी हलवणाऱ्या, तिन्ही तुम्ही पुस्तकाचं पान उलटेपर्यंत उडणाऱ्या. उडताना पाठीचा खालचा भाग पांढराफेक दिसला आणि पंख खालून काळपट, तर हिरवी. पंखावर लांब पांढरी पट्टी आणि पाण्यालगत ताठ पंखांनी थरथरत गेली, तर साधी. काहीच दिसलं नाही, तर ‘तुतारी’ एवढंच लिहावं. शेजारच्या तज्ज्ञानेही तेच लिहिलेलं असतं, फक्त लॅटिनमध्ये.

७. स्थानिकांशी संवाद. बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेला माणूस विचारणारच.

“काय गावलं का, सायेब?”

“टेमिंकचा टिलवा आहे बहुतेक.”

“कोण?”

“ते काय, खडकापाशी. बारकं.”

“ह्ये व्हय! ह्ये तर रोजच असतंय. त्या लाल बदकांसाठी दिवाळीनंतर या.”

ही माहिती वहीत उतरवून घ्यावी. शहरातला दोन तासांचा पाहुणा जे एका सकाळवर ठरवतो, ते या माणसाने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. त्याला वजनं आणि लॅटिन नावं ठाऊक नसतात, एवढाच काय तो फरक.

८. नोंद. ई-बर्डवर यादी भरावी. वेळ, जागा, प्रजाती, संख्या. अशा लाखो याद्या एकत्र आल्या, की कोणता पक्षी कधी येतो आणि कुठे कमी होतोय हे कळू लागतं. संख्या मोजता आली नाही म्हणून ‘भरपूर’ लिहू नये. पन्नास असतील तर पन्नास, अंदाज असेल तर अंदाज. आणि जे दिसलं नाही ते लिहू नये, मित्राला दिसलं असलं तरी.

शंका-समाधान

प्रश्न : पक्षी थंडीला घाबरून येतात का?
उत्तर : पिसांचा कोट असतो, थंडी सोसते. पण तिकडे पाणी गोठतं, किडे संपतात, चिखल दगड होतो. पोटापाण्यासाठी येतात. दिवस लहान होऊ लागला, की शरीरालाच निघायची सूचना मिळते. लोणीतही बरेच जण पोटापाण्यासाठीच आलेले आहेत.

प्रश्न : हिमालय ओलांडून आलेला पक्षी एवढ्या घाणीत का उतरतो?
उत्तर : कारण घाणीत खायला आहे. शहराच्या सांडपाण्यातून गाळात सेंद्रिय माल साचतो. त्यात प्राणवायू नसला तरी तग धरणाऱ्या चिलटांच्या तांबड्या अळ्या मायंदाळ होतात, आणि शेकाटे-तुताऱ्या त्यांवर तुटून पडतात. इथे शेकाटे खूप दिसले, याचा अर्थ नदी ठणठणीत आहे असा नव्हे. बरेचदा उलटाच असतो. मासे खाणाऱ्यांचं तसं नाही. नदी सुरय वरून सूर मारतो, त्याला पाण्यातला मासा दिसावा लागतो. आणि या पाण्यात मासा म्हणजे चिलापी आणि मांगूर, जे कुठेही जगतात.

प्रश्न : इथे नाही दिसलं, तर?
उत्तर : पाण्यामागे जावं. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते. भिगवणला रोहित आणि पट्टकदंब दिसतील. पट्टकदंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे. भिगवणला पोहोचणारं पाणी मात्र आपलंच, थोडं निवळलेलं.

प्रश्न : मग नदी स्वच्छ केली, तर पक्षी जातील ना?
उत्तर : काही कमी होतील, काही नवे येतील. हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो आणि ‘नाहीतर नकोच साफ करायला’ इथपर्यंत पोहोचतो. तो विचार यादीत भरू नये. ई-बर्डवर त्याला रकाना नाही. पुढच्या वेळी येताना मात्र साबणाची पावडर मोजून वापरावी.